पंप बंद करण्याचा ठराव

प्रेमानंद गजभिये सरांनी बावीस वर्षं कंपायलर हा विषय शिकवला आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून एकही कंपायलर झाला नाही, याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. विद्यार्थ्यांची तर मुळीच नव्हती. पोहायला शिकवणाऱ्याला स्वतःला पोहता आलं पाहिजे असा आग्रह नदीकाठचे लोक धरतात. हिंगण्याकडच्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात तसं काही नसतं. तिथं सिलॅबस संपला की झालं.

कंपायलर म्हणजे काय ते आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेला हुकूम वाचायचा, त्यातल्या चुका काढायच्या आणि उरलं ते यंत्राला कळेल असं करून द्यायचं, हे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. सरकारी कचेरीत हेच काम अव्वल कारकून करतो. फरक एवढाच की कंपायलर चूक कितव्या ओळीत आहे ते सांगतो.

तर असे हे गजभिये सर नागपूरजवळच्या बेसा इथल्या श्रमसाफल्य अपार्टमेंटमध्ये सुखानं राहत होते. दोन विंगा, चोवीस फ्लॅट, खाली एक मोठं टाकं, गच्चीवर दोन टाक्या, मध्ये एक पंप, आणि पंपाशी लहानूभाऊ. लहानूभाऊ एकसष्ट वर्षांचे. अकरा वर्षांपासून पंप तेच लावत आणि तेच बंद करत. बायकोला घेऊन जिन्याखालच्या खोलीत राहत. ती खोली पंपाच्या कामाबरोबर आलेली होती आणि काम गेलं तर खोलीही जाणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नसे, एवढंच.

एप्रिलच्या सभेत ए विंगमधला रजत उभा राहिला. हा बँकेत कामाला असलेला हुशार मुलगा. त्यानं मित्राच्या सोसायटीत पंपाचं ऑटोमॅटिक पॅनल पाहिलं होतं. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप चालू, भरली की आपोआप बंद.

"माणूसच लागत नाही," रजत म्हणाला.

लहानूभाऊ तेव्हा मागं उभे राहून उशिरा आलेल्यांना खुर्च्या देत होते. त्यांनी हातातली खुर्ची उघडली, ठेवली आणि दुसरी घ्यायला गेले. गजभिये सरांनी ते पाहिलं आणि इथंच त्यांचं चुकलं. सभेत माणसानं समोर पाहावं, मागं पाहू नये.

सर उभे राहिले. पॅनल हे मूर्ख यंत्र आहे असं त्यांनी सांगितलं. त्याला दोनच गोष्टी कळतात. त्यापेक्षा आपण पंपासाठी एक छोटी भाषा तयार करू. साधी, आपली, मराठी. लहानूभाऊ त्या भाषेत पंपाला सांगतील, पंप ऐकेल. लहानूभाऊंचं ज्ञान वाया जाणार नाही आणि माणूसही राहील. "मी करून देतो," असं ते शेवटी म्हणाले, आणि हे वाक्य नसतं म्हटलं तरी भाषण पूर्ण झालं असतं.

सेक्रेटरी महादेवराव डांगरे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच नोंद केली. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रात्यक्षिक. यशस्वी झालं तर लहानू कायम. न झालं तर एक जूनपासून पॅनल, आणि लहानूनं खोली रिकामी करून द्यावी.

सभा संपल्यावर लहानूभाऊ सरांच्या मागं मागं जिन्यापर्यंत आले.

"सर, तुमाले पक्कं येते ना ते?"

"बावीस वर्षं शिकवून राहिलो, लहानूभाऊ."

"हाव जी. पण येते ना?"

सर हसले आणि जिना चढले. लिफ्ट चालू होती तरी चढले.

कामिनीताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ताट वाढता वाढता विषय काढला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत असल्यामुळे त्यांना गोष्टी लवकर कळतात. "होत नसन तं आजच सांगा त्या माणसाले," त्या म्हणाल्या. "त्याले दुसरी खोली पाहाले टाइम तं भेटन. बेश्यात भाडं काय झालं मालूम आहे ना?"

"होईन वं," सर म्हणाले. "त्यात काय आहे." आणि त्या रात्री त्यांनी आपल्याच नोट्स पहिल्यांदा समजून घेण्यासाठी वाचल्या. त्या त्यांना जड गेल्या.

मुलगी वैभवी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. तिनं फोनवर बापाचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, कंपायलर हातानं कोणी करत नाही आता. तयार टूल असतात. तुम्ही फक्त भाषेचे नियम लिहून द्यायचे, वाचणारा प्रोग्रॅम ते टूलच तयार करून देतं." म्हणजे शेवया करायचं यंत्र नव्हे, तर शेवया कशा हव्यात ते सांगितलं की शेवयांचं यंत्र करून देणारं यंत्र. सरांना हे माहीत होतं. पाचव्या युनिटमध्ये होतं. पण पाचवं युनिट दर वर्षी घाईत उरकलं जाई, कारण त्यावर आठच मार्कांचा प्रश्न येतो.

मग सर लॅपटॉप घेऊन पंपापाशी जाऊन बसले. बाहेर बेचाळीस डिग्री. लहानूभाऊंनी त्यांना स्टूल दिलं आणि स्वतः उकिडवे बसले.

"सकाळी पहिले काय करता?"

"पंप लावतो जी."

"किती वाजता?"

"नळ आला का."

"नळ किती वाजता येते?"

"येते तेव्हाच येते, सर. त्याचं काय खरं आहे."

सरांनी लिहिलं: नळ आला तर पंप लाव. भाषेतलं पहिलं वाक्य झालं. त्यांना बरं वाटलं.

"मग?"

"बी विंगले आधी देतो. ते लोक लवकर उठतात. रविवारी ए विंगले आधी, काहून का बी विंगवाले रविवारी झोपून राहतात. अमावास्येले दोन्हीकडं बराबर. साडेतीनशे लिटर जास्त सोडतो अंजनाबाईच्या लाइनीत, त्यायचा कूलर मोठा आहे. कोणाकडं पाव्हणे आले तं त्यायले थोडं जास्त."

"पाव्हणे आले हे कसं समजते?"

"चपला पाहतो ना जी. दारापुढच्या."

सरांनी हात कपाळाला लावला. बावीस वर्षांत एकाही पुस्तकात त्यांना चपला भेटल्या नव्हत्या. पण खरी अडचण वेगळी होती. चपलांचं वाक्य लिहायची सोय करावी, तर दुसऱ्या दिवशी लहानूभाऊंना तेराव्याची आठवण होई. तेराव्याची सोय केली की पोरांच्या परीक्षा निघत. दर वेळी सरांना भाषाच उघडून तिच्यात नवीन तऱ्हेचं वाक्य बसवावं लागे, आणि टूल दर वेळी लाल अक्षरात सांगे की तुमच्या दोन नियमांची टक्कर होऊन राहिली आहे. म्हणजे दोन्ही एकाच वेळी लागू होतात, कोणता धरायचा ते तुम्हीच सांगा. एका रविवारी, अमावास्येला, अंजनाबाईकडं पाहुणे असले तर काय, असं ते विचारी. प्रश्न बरोबर होता. लहानूभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "पाहून घेतो ना जी तेव्हा." हे उत्तर टूल घेत नाही.

यावर सरांनी जो उपाय काढला तो शास्त्राला धरून होता, म्हणूनच पुढचं सगळं घडलं. जगात काही भाषा अशा असतात की त्या वापरणाऱ्यालाच त्यांच्यात भर घालता येते. नवीन तऱ्हेचं वाक्य हवं? तुम्हीच भाषेला सांगा की असं वाक्य आलं तर त्याचा अर्थ हा. भाषा ते शिकून घेते. करणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागत नाही. सरांनी आपली भाषा तशी केली. पहाटे चारला ते झालं तेव्हा त्यांनी कामिनीताईंना उठवून दाखवलं.

"म्हणजे कोणीही येऊन काहीही घालाचं त्याच्यात?"

"कोणालाही वाढवता येते. भाषा वाढलीच पायजे."

"आधी पंप चालू द्या," असं म्हणून त्या कूस बदलून झोपल्या.

कामिनीताईंचा धाकटा भाऊ प्रशिक कोराडीच्या वीज केंद्रात. एका सुटीच्या दिवशी येऊन त्यानं पंपाला, व्हॉल्व्हला आणि टाकीतल्या फ्लोटला तारा जोडून दिल्या. जोडता जोडता तो म्हणाला, "भाऊजी, आमच्या तिकडं एवढा मोठा बॉयलर आहे, तो कोणाशी बोलत नाही. ह्या पंपाले भाषा कायले पायजे?" सरांनी त्याला सरबत दिलं. मोफत काम करणाऱ्याशी वाद घालू नये हे त्यांना कळत होतं.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पंप खरंच ऐकू लागला. लहानूभाऊ सरांच्या जुन्या मोबाइलवर बोट ठेवून दोन अक्षरं लिहीत आणि वरती व्हॉल्व्ह फिरे. सर त्या दिवशी वर्गात फार चांगलं शिकवून आले. एका मुलानं प्रश्नही विचारला.

बातमी अपार्टमेंटमध्ये पसरायला वेळ लागला नाही. भाषेत कोणालाही भर घालता येते हे सरांनीच कौतुकानं ग्रुपवर लिहिलं होतं. माणसाला फुकट अधिकार मिळाला की तो आधी वापरतो आणि मग कशासाठी वापरला ते पाहतो. चार दिवसांत चौदा नियम आले. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यानं लिहिलं की दुपारी भांडेवाली आल्यावर पाणी सोडावं. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यानं लिहिलं की बी विंगच्या दुसऱ्या मजल्याला सोडाल तेव्हा आम्हालाही सोडावं, कारण काही नाही. भाषा सगळं शिकून घेई. ती कोणाला नाही म्हणत नसे, तिच्यात ते वळणच नव्हतं.

तेव्हा महादेवराव फाइल घेऊन सरांकडं आले. पाणी प्यायले, पंखा वाढवायला सांगितला.

"सर, हे बेकायदेशीर होऊन राहिलं. भाषेत नवीन नियम आला म्हणजे तो चोवीस फ्लॅटले लागू झाला. म्हणजे तो ठरावच झाला. ठराव म्हटला का सूचक आला, अनुमोदक आला."

"महादेवराव, ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे."

"असन ना. सोसायटीच्या जागेत आहे ना?"

सर जरा तिरसटपणे म्हणाले, "मग पाणी पंपानं वर चढते यालेही अनुमोदक लागन का?"

महादेवरावांनी खरोखर विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तो निसर्गनियम आहे. त्याले मान्यता गृहीत धरता येईल. बाकी सगळ्याले लागन. पहिल्यापासूनचे नियम धरून."

हे ऐकून सरांना राग यायला हवा होता. पण माणूस कारागीर झाला की त्याचं डोकं फिरतं. वाढवता येणारी भाषा केली आहे तर ती अशीही वाढते का, हे पाहायचा त्यांना मोह झाला. दोन दिवस बसून त्यांनी ते केलं. आता प्रत्येक नियमाखाली सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव लागे. नसलं तर तो नियम नाही.

"पण मग कंपायलरनं चूक दाखवावी ना, की अनुमोदक नाही?" सरांनी विचारलं.

"छे. अनुमोदन नसलेला ठराव इतिवृत्तात घेतच नाहीत. तो मांडलाच गेला नाही असं समजतात. त्याचा उल्लेखही नको."

सरांनी तसं केलं. अनुमोदक नसलेला नियम कंपायलर गुपचूप सोडून देई, आणि बाकीचं ठीक असलं की खाली लिही: हरकत नाही. हे दोन शब्द महादेवरावांनीच सुचवले होते. त्यांना ते फार आवडत. मला वाटतं, अनुमोदकाशिवाय ज्यातलं वाक्य चालत नाही अशी भाषा जगात दुसरी नसावी, आणि नाही तेच बरं आहे.

आता अनुमोदक आणायचे कुठून? दुपारी घरी कोण असतं? बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अंजनाबाई. वय सत्तरीच्या पुढं, मुलगा दुबईला, दार सदा उघडं. सर खाली उतरायचे, कागद पुढं करायचे, त्या चष्मा न लावता सही करायच्या. "चांगलंच असन तुमचं," म्हणायच्या. एकतीस नियम झाले, त्यातल्या एकोणिसांच्या अनुमोदक अंजनाबाई. नियम चार, टाकी भरली की पंप बंद कर, याचे सूचक महादेवराव आणि अनुमोदक अंजनाबाई होत्या.

मे म्हणजे वाळवणाचा महिना. अंजनाबाईंनी दुबईच्या नातवासाठी पाच किलो गव्हाच्या कुरडया घातल्या आणि गच्चीवर टाकीच्या बाजूला, चांगलं ऊन लागतं तिथं, चादरींवर पसरल्या. प्रात्यक्षिकाला चार दिवस उरले होते. महादेवराव पाहणीला गच्चीवर गेले आणि संध्याकाळी लिफ्टपाशी नोटीस लागली: टाकीच्या परिसरात खाद्यपदार्थ वाळत घालण्यास सक्त मनाई. खाली सही, शिक्का.

अंजनाबाई महादेवरावांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आवाज न चढवता बोलल्या. "महादेवराव, तुमची माय जिवंत असती तं तुम्ही तिच्या कुरडया उचलल्या असत्या का? आता तुमच्या कोण्याच ठरावाले माह्यं अनुमोदन नाही. सगळं वापस घेतलं मी."

"तसं तोंडी चालत नाही, मावशी. लेखी अर्ज लागते."

त्यांनी लेखी अर्ज दिला. आणि महादेवराव हा माणूस असा, की अर्ज आपल्याविरुद्ध आहे म्हणून त्यांनी तो दाबला नाही. वर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असं लिहून शनिवारी रात्री सरांकडं पाठवला. सर तेव्हा पहिल्या वर्षाचे पेपर तपासत होते. नियमाप्रमाणे त्यांनी कार्यवाही केली. अंजनाबाईंचं नाव ज्या ज्या ठरावाखाली होतं तिथून काढलं. कंपायलरनं सगळं पुन्हा वाचलं आणि खाली लिहिलं: हरकत नाही. सरांनी समाधानानं लॅपटॉप मिटला. कुरडया मात्र गच्चीवरच राहिल्या, कारण त्या उचलायला कोण जाणार हे नोटिशीत लिहिलेलं नव्हतं.

रविवार उजाडला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, वर हिरवी जाळी. पॅनलच्या कंपनीचा माणूस बॅग मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. रजतनं त्याला बोलावलं होतं. लहानूभाऊंना पंपापासून दूर, सगळ्यांसमोर एका खुर्चीवर बसवलं होतं. प्रात्यक्षिक चालू असताना त्यांनी कशालाही हात लावायचा नाही ही अट. अकरा वर्षांत त्या पार्किंगमध्ये ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले होते, आणि हात कुठं ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं. त्यांची बायको खोलीच्या दारात उभी होती. खोलीतलं सामान तिनं अर्धं बांधून ठेवलं होतं, ते मागं दिसत होतं. सरांना ते दिसलं.

पण सुरुवात झकास झाली. नळ आला, पंप लागला. रविवार म्हणून ए विंगला आधी पाणी गेलं. लहानूभाऊंनी बसल्या जागी मोबाइलवर 'पाहुणे' एवढं लिहिलं आणि व्हॉल्व्ह फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रजतनंही वाजवल्या. सर उभे राहून भाषांचा इतिहास सांगू लागले.

ते सांगत असताना लहानूभाऊ पाइपाचा आवाज ऐकून हळूच म्हणाले, "सर, भरली जी."

सरांनी हातानं थांबायची खूण केली. भाषा बंद करेल, घाई काय आहे. लहानूभाऊ दोन मिनिटं थांबले. "सर, टाकी भरली."

"सभासद नसलेल्यांनी सभेत बोलू नये," महादेवराव लिहिता लिहिता म्हणाले.

पाच मिनिटांनी हिरव्या जाळीवर पहिली धार पडली, ती रजतच्या डोक्यावर. मग दुसरी. मग गच्चीच्या पन्हाळ्यांतून पाणी सगळीकडून उतरू लागलं आणि त्याबरोबर काहीतरी पांढरं, मऊ, लगद्यासारखं खुर्च्यांवर पडू लागलं. ते काय आहे हे पहिल्यांदा अंजनाबाईंना कळलं. पाच किलो कुरडया भिजून पुन्हा चीक झाल्या होत्या. महादेवरावांचं इतिवृत्त भिजलं, पॅनलवाल्याची बॅग भिजली. सर लॅपटॉप शर्टाखाली धरून त्यात पाहत होते. सगळं बरोबर होतं. नियम तीन होता, नियम पाच होता. खाली लिहिलं होतं: हरकत नाही.

मेच्या उन्हात नागपुरात पाणी असं वाहताना पाहून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानूभाऊ उठले, अट मोडली, आणि पंपाचं बटण दाबून तो बंद केला. मग ते परत खुर्चीशी आले, पण बसले नाहीत.

सरांना वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. विद्यार्थ्यांसमोर, मेहुण्यासमोर, प्राचार्यांसमोर त्यांची फजिती झालेली होती, ती सोसता येते. पण आज फजिती त्यांची झाली होती आणि घर दुसऱ्याचं जाणार होतं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "लहानूभाऊंनी दोनदा सांगितलं होतं."

"नोंद घेतली," महादेवराव म्हणाले, आणि ओल्या कागदावर पेन उमटेना म्हणून त्यांनी ते झटकलं.

मग रजतनं डोकं पुसत पॅनलवाल्याला उभं केलं. त्यानं आपला डबा दाखवला. टाकी रिकामी, पंप चालू. टाकी भरली, पंप बंद. कधीही चुकत नाही.

"आणि रविवारी?" ए विंगच्या तिसऱ्या मजल्यानं विचारलं.

"रविवारचं काही नाही. सगळे दिवस सेम."

"भांडेवाली येते तेव्हा?"

"तसा ऑप्शन नाही मॅडम सिस्टीममध्ये."

"मग नियम वाढवाचा असला तं?"

"वाढवता येत नाही. सील राहते."

तीन आठवडे हे लोक कायदे करत होते. त्यांच्या सोयीसाठी एक यंत्र दिवसातून दहादा वळत होतं. आता एक परका माणूस बॅग उघडून सांगत होता की तुम्हाला काय वाटतं ते विचारायचीच सोय नाही. महादेवरावांचा चेहरासुद्धा उतरला. सील केलेल्या डब्यात दुरुस्तीचा ठराव कसा मांडणार?

अंजनाबाई उठल्या. त्यांच्या पदराला चीक लागला होता. "मले काही लागलं तं ह्या डब्याशी बोलू का मी?" त्यांनी विचारलं. पॅनलवाल्यानं ओली बॅग पुसायला घेतली. त्या लहानूभाऊंकडं वळल्या. "हा पोट्टा अकरा वर्षं माह्या कूलरचं न सांगता पाहून राहिला. त्याले काहून काढून राहिले तुम्ही?"

एकसष्ट वर्षांचा पोट्टा मान खाली घालून उभा होता.

ठराव अंजनाबाईंनीच मांडला. लहानूभाऊ कायम राहतील, खोली त्यांचीच राहील, गजभिये सरांचे एकतीस नियम छापून पंपापाशी ठेवावे आणि ते लहानूभाऊंनी हातानं चालवावे. अनुमोदन महादेवरावांनी दिलं. सेक्रेटरीनं अनुमोदन द्यावं का, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला होता, पण तो त्यांनी विचारला नाही. रजतनंही हात वर केला. लहानूभाऊंची बायको आत गेली आणि गाठोडं सोडू लागली.

कंपायलर बंद झाला. सरांना वाईट वाटलं, पण फार नाही. झाला तर होता.

आठ दिवसांनी लहानूभाऊ सरांकडं आले. हातात अर्ज. भाचीचं लग्न, कुहीकडच्या गावाला, पाच दिवसांची रजा. अकरा वर्षांत त्यांनी रजा मागितली नव्हती; पंप दुसऱ्या कोणाला समजतच नव्हता. मोठ्या भावाच्या तेराव्यालासुद्धा ते सकाळी जाऊन संध्याकाळच्या पाण्याला परत आले होते.

"आता सगळं लिहून आहे ना जी," लहानूभाऊ म्हणाले. "म्हटलं, सर तं वाचू शकतात."

सर नाही कसं म्हणणार? कॉलेजला सुट्ट्या होत्या. महादेवरावांनी बदली कामगार म्हणून त्यांच्या नावाचा आदेश काढला आणि सरांनी त्यावर सही करून पोच दिली.

पहिला दिवस सरांनी नियम वाचत काढला, दुसरा पळत. सकाळी पाचला नळ, मग बी विंग, मग चपला मोजायला चार मजले. बावीस वर्षं ज्या यंत्राबद्दल शिकवलं ते आता स्वतःच व्हायचं होतं, आणि त्या यंत्राचे गुडघे दुखत होते. कामिनीताई चहा आणून देत आणि "त्यात काय आहे" म्हणून परत जात. ते जास्त लागे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी लहानूभाऊंना फोन लावला. पलीकडं सनई, लाउडस्पीकर, माणसांचा गलका.

"लहानूभाऊ, नियम सतरा आणि नियम बावीस एकाच वेळी लागू होऊन राहिले. सतरा म्हणते पाणी तोडा, बावीस म्हणते सोडा. अनुमोदक दोन्हीले आहेत. कोणता धरू?"

"नियमाचं सोडा सर. समोर कोण उभं आहे?"

सरांनी मान वर करून पाहिलं. "अंजनाबाई."

"कायले आल्या?"

सरांनी ते विचारलंच नव्हतं. विचारलं. घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि त्यांना चक्कर येत होती.

"मंग मले काय विचारून राहिले जी," लहानूभाऊ म्हणाले, आणि तिकडं अक्षता पडल्याचा गलका झाला.

सरांनी फोन खिशात टाकला, अंजनाबाईंना स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या लाइनीचा व्हॉल्व्ह उघडला.